चौथी सही

३ फेब्रुवारी

दलाल आज पुन्हा आला होता. समुद्राकाठच्या वाळूत पांढरे बूट घालून फिरणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे माझं जुनं मत. त्याने चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, माझ्या भिंतींकडे त्या आजारी असल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "आजी, आता फक्त तुमचीच सही राहणार बघा."

"मी तुझी आजी नाही," मी म्हणाले. "तुझ्या आजीचं लोखंडी कपाट मात्र मी वाहिलंय. आतले कपडेसुद्धा काढले नव्हते तिने."

तो हसला. हसण्याचेच पैसे मिळतात त्याला.

म्हणून आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. कोण आलं, काय बोललं, तारखेनिशी. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीला काही आठवत नाही.

तर आमची इमारत. एकावर एक चार घरं, लिफ्ट नाही. तळाला मी. पहिल्या मजल्यावर डॉक्टरीणबाई, दाताच्या, आता निवृत्त. दुसऱ्यावरचं घर शहरातल्या एका जोडप्याचं. ते वर्षातून एकदा सुट्टीला येतात, बाकी वर्षभर त्यांचे पडदेच समुद्र बघतात. तिसऱ्यावर कप्तान, जे हयातभर फेरीबोट चालवत होते आणि अजून तसेच बोलतात, म्हणजे समोरचा पलीकडच्या धक्क्यावर उभा असल्यासारखे. बिल्डरला हे सगळं पाडून इथे काचेचा उंच डबा उभा करायचाय. आम्हाला त्या बदल्यात महामार्गापलीकडच्या नव्या वसाहतीत घरं. चौघांच्या सह्या झाल्या तर, आणि त्याही मार्चअखेरपर्यंत. एक जरी नसली तर आमच्या इमारतीचा नाद सोडून तो पुढच्या गल्लीत जाणार.

शहरवाल्यांनी फोनवरच हो म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी सही केली आणि लगेच खाली येऊन माझ्याकडे रडल्या. शेवटचा चहा ज्याच्याकडे घेतला त्याचं त्यांना पटतं. कप्तान काही सही करणार नाहीत. तिकडची मला काळजी नाही.


६ फेब्रुवारी

बाजारात गेले होते. खेळण्यांच्या दुकानाच्या जागी आता कानाची यंत्रं मिळतात. शाळेच्या फाटकावर मोठा फलक लागलाय, वर्गात बसून समुद्र बघा अशा अर्थाचा. वर्ग म्हणजे आता फ्लॅट. मुलं नाहीत म्हणून शाळा बंद केली आणि घरं एवढी महाग केली की मुलं असलेला माणूस इथे येऊच शकत नाही. दवाखान्यातली नर्स दोन बस बदलून येते. पाववाला पहाटे निघतो. इथे काम करणारे इथे राहत नाहीत आणि इथे घरं असणारे इथे येत नाहीत. मग उरलं कोण? आम्ही. आणि आमचीच अडचण होतेय म्हणे.

मला हे दुसऱ्या कोणी सांगायला नको. या उपनगरातलं निम्मं सामान माझ्या ट्रकमधून आलंय. आम्हा नवरा-बायकोचा सामान हलवायचा धंदा होता. हा चालवायचा, मी चढवायचे-उतरवायचे. हा गेल्यावर चालवायलाही लागले, म्हणून मी गल्लीची ट्रकवाली. त्या काळी इथे घर घेणं कोणालाही जमायचं. गोदीतले, गिरणीतले, बँकेतले, सगळे एकाच सुमाराला आले, सगळ्यांची लग्नं नुकतीच झालेली, प्रत्येक खेपेत एक पाळणा असायचाच. सगळे एकदमच आले म्हणून सगळे एकदमच म्हातारे झाले. धंद्याच्या शेवटी शेवटी आम्ही सामान फक्त बाहेर काढत होतो. आत काहीच न्यायचं नसायचं. तेव्हाच मी ट्रक विकला.

पण मी स्वतः हलणार नाही. बाकीच्यांना हलवलं ते पुरे झालं.


११ फेब्रुवारी

गल्लीत सकाळी तमाशा. न्हावी, म्हणजे कप्तानांचा जिवलग, खाली उभं राहून वर तोंड करून ओरडत होता आणि कप्तान खिडकीतून. दोघं पूर्वी रोज संध्याकाळी समुद्राच्या कठड्यावर बसायचे. आता न्हावी पाठीत वाकलाय, त्याला जिना चढवत नाही. ठीक आहे. पण कप्तानांना खाली यायला काय धाड भरलीय? हल्ली दोरीने टोपली सोडतात, पाववाला तीत पाव टाकतो आणि टोपली वर. राजेशाही थाट. केससुद्धा वाढवलेत, मानेवर आलेत. न्हावी ज्याचा मित्र, त्याचे असे केस.

मी अंगणातून म्हणाले, "अहो कप्तान, किती दिवस सिंहासनावर बसणार? उतरा की खाली."

"तुम्ही या वर," ते म्हणाले.

उंटावरून शेळ्या हाकायची सवय, दुसरं काय.


१९ फेब्रुवारी

कप्तानांनी सही केली.

दलालानेच सांगितलं, अगदी गुळगुळीत आवाजात. माझा विश्वास बसला नाही म्हणून कागद दाखवला. त्यांचीच सही, बोटीच्या नांगरासारखा पहिल्या अक्षराचा आकडा. मी दाराला धरून उभी राहिले. दलाल म्हणाला, "मावशी, बसा जरा." आजीवरून मावशीवर आला. मी त्याला चहा दिला नाही.


२० फेब्रुवारी

रात्रभर घुसमटले आणि सकाळी सरळ वर गेले, जाब विचारायला. किती वर्षांनी तो जिना चढले कोण जाणे, मला वर काय काम असतं? पण एका दमात चढले, मध्ये कुठे थांबले नाही. शिसवी पलंग वाहिलेल्या पायांना तीन मजले म्हणजे काय.

जिन्यात मात्र नुसता पसारा. प्रत्येक वळणावर एक लाकडी खुर्ची ठेवलीय. पहिल्या वळणावरच्या खुर्चीत डॉक्टरीणबाईंनी कुंड्या मांडल्यात, तिच्या वरच्या खुर्चीवर बोटभर धूळ. सगळ्यात वरची तेवढी स्वच्छ, तिच्यावर उशीसुद्धा. जिना काय बैठकीची खोली आहे? सामान उतरवताना एखाद्याचा पाय मोडेल. कप्तानांच्याच खुर्च्या आहेत, मी ओळखते, मीच आणल्यात. यावर एकदा बोलायला हवं.

दार उघडायला वेळ लावला. मी दारातच सुरू केलं. "सही केलीत?"

"केली."

"का?"

"तिकडे लिफ्ट आहे."

मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाने आयुष्य पाण्यावर काढलं तो लिफ्टसाठी समुद्र सोडून महामार्गाकडे चाललाय. मी तेच बोलून दाखवलं. लिफ्टचं एवढं कौतुक लहान पोरांना असतं, असंही म्हणाले.

ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही तळमजल्यावर राहता."

"मग?"

"मग काही नाही."

तळमजला म्हणे. म्हणजे माझं घर खालचं, माझा विचारही खालचा. मी तशीच उतरले. या माणसाच्या लेकीच्या लग्नाचं सामान मी एक पैसा न घेता पोचवलं होतं. जाऊ दे.


२ मार्च

लेकीचा फोन. ती शहरात असते, कामावरून येताना करते, मागे गाड्यांचा आवाज. "आई, सही करून टाक ना. तिकडे दवाखाना खालीच आहे."

"तुला दवाखान्याची घाई की पैशाची?"

 ती म्हणाली, "मंगळवारी तू फोन उचलला नाहीस."

"आंघोळीला गेले होते."

"दोन तास?"

मी अंगणात कपडे वाळत घालत होते, मग पाववाल्याशी बोलत बसले. माणसाने फोन गळ्यात बांधून हिंडायचं का? पण ती असल्याच गोष्टी धरून बसते. पैशाचं बोलले ते तिला लागलं असावं, कारण नंतर जेवलीस का तेवढं विचारून तिने ठेवला.


५ मार्च

माझ्याकडे सभा बोलावली होती. विषय, इमारत न विकता दुरुस्ती कशी करायची. चहा केला, खुर्च्या मांडल्या, जिन्यात चिठ्ठी लावली. डॉक्टरीणबाई आल्या आणि सगळ्याला हो म्हणाल्या. शहरवाले येणार नव्हतेच. कप्तान आले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरून माझ्या घरी यायला बोट लागते का? एवढा राग धरलाय तर धरू देत. मीही कच्च्या गुरूची चेली नाही. त्यांनी सही केली काय अन् न केली काय, चौथी सही माझी आहे आणि ती माझ्या हातातच राहणार आहे.

डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, "कप्तानांवर इतक्या चिडू नका हो. त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"नाही म्हणजे, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," असं काहीतरी पुटपुटत गेल्या. त्यांचं एक वाक्य धड पूर्ण होत नाही.


९ मार्च

न्हावी गेला. झोपेतच.


१० मार्च

हे नीट लिहायचंय, म्हणून उशिरा लिहायला बसले.

न्हाव्याला सकाळी नेलं. आमच्याच गल्लीतून, समुद्राच्या रस्त्याने. जे चालू शकत होते ते सगळे आले होते, म्हणजे फार कोणी नाही. मी शेवटपर्यंत गेले. सगळ्या वाटेवर माझं लक्ष एकाच गोष्टीकडे, कप्तान कुठे आहेत? खिडकीतही नव्हते. ज्याच्याबरोबर आयुष्यभर कठड्यावर बसला, त्याला पोचवायलाही माणूस खाली येत नाही. मी मनातल्या मनात त्यांना जे काही बोलले ते लिहीत नाही.

परत आले ती तडक जिन्याकडे. आज सोडायचंच नाही असं ठरवून. पहिला मजला, मग पहिल्या-दुसऱ्यामधलं वळण. तिथल्या खुर्चीत कप्तान बसले होते.

त्यांनी गडद कोट घातला होता, तोच, फेरीबोटीवरच्या शेवटच्या दिवशीचा. बुटांना पॉलिश केलं होतं. केस पाण्याने चापून बसवले होते. एका हाताने कठडा धरला होता. खुर्चीची धूळ कोटाला लागली होती.

मी दोन पायऱ्या खालीच थांबले. 

ते म्हणाले, "नेलं का त्याला?"

"हो."

"ऐकलं मी. इथून पावलं ऐकू येतात." मग म्हणाले, "पहाटेच निघालो होतो. म्हटलं हळूहळू जमेल. गुडघे इथपर्यंतच आले. आता वरही जाता येत नाही."

मी पायरीवर बसले.  त्या खुर्च्या, ती धूळ, कुंड्या, वरची ती उशी. किती दिवस तो माणूस एकेक मजला हरत होता आणि मी खाली बसून तो थाट समजत होते. अख्ख्या उपनगराची कपाटं जिन्यांवरून नेली मी, कुठला जिना किती अरुंद, कुठे वळत नाही, सगळं पाठ. पण जिन्यावरून माणूस कसा जातो ते कधी बघितलंच नाही. मला जिना लागत नाही ना.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"काय सांगायचं? तुम्हाला घर सोडायचं नाही. मग सांगून उपयोग काय होता?"

आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तुम्ही सही करू नका. तुमचं घर आहे ते. माझं मी बघेन."

डॉक्टरीणबाईंना हाक मारली. दोघींनी धरून त्यांना पायरी-पायरीने वर नेलं. मी पट्टे आणते म्हणाले होते, आमचे सामानाचे पट्टे अजून आहेत माझ्याकडे, खुर्चीला बांधून खाली आणलं असतं समुद्रापर्यंत. त्यावर ते पहिल्यांदाच चिडले. "मी कपाट नाही," म्हणाले.


११ मार्च

माझं 'नाही' त्यांच्या डोक्यावर बसलंय. मी सही केली नाही तर ते वरच मरणार. सही केली तर माझं घर गेलं, आणि त्यांचाही समुद्र गेला, फक्त लिफ्ट मिळाली. आणि दोन्हीकडून दलालाचे बूट पांढरेच.

मी रडले आज. लिहून ठेवते. तीन वेळा.


१३ मार्च

पहाटे डोक्यात आलं आणि इतकं सोपं आहे की मला स्वतःचीच लाज वाटली. मला घर हलवायला सांगा, मी कुठलंही हलवीन. मग माझं वर आणि त्यांचं खाली, एवढंच तर हलवायचंय.

चहा न घेताच वर गेले. "कप्तान, सौदा करायचा का?"

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दया नको."

"दया कोण करतंय? बाजारात जाऊन विचारा. तुमच्या घरातून समुद्र दिसतो, माझ्या घरातून शेजारच्याची भिंत. तुमच्या एका घराच्या किमतीत माझ्यासारखी दोन येतील. दलालाला कळलं तर म्हणेल, ट्रकवालीने म्हाताऱ्याला लुबाडलं."

"मग तुम्ही मला लुबाडताय?"

"उघड उघड."

ते पहिल्यांदा हसले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "बघून बघून कंटाळलो आहे मी त्याला. जवळ जायचंय."

"तुमच्या सामानात तो काळा पितळी होकायंत्राचा खांब आहे ना? तो मी नेणार नाही. मागच्या वेळी माझी पाठ गेली होती."

"तो येणारच," म्हणाले. म्हणजे झालं ठरलं.


१६ मार्च

लेक आली. शहरातून, रजा टाकून. मी फोनवर सांगितलं तर आधी तिला वाटलं माझं डोकं फिरलंय, मग वाटलं कप्तानांनी फसवलं, मग कोणी कोणाला फसवलं याचा हिशेबच लागेना तेव्हा निघून आली.

"आई, घर सोडायचं नाही म्हणून घर सोडतेस?"

 खरं आहे. इथे हा गेला. इथल्या मागच्या खोलीत ही जन्मली, पाणी भरलेलं होतं रस्त्यात म्हणून दवाखान्यात पोचलो नाही. अंगणातल्या नळाशी मी भांडी घासत ट्रकच्या खेपा ठरवायचे. मला डोळे मिटून या घरात चालता येतं. वर गेले तर पहिले काही दिवस मी भिंतींवर आपटत फिरणार.

"घर म्हणजे काय माझ्या एकटीचं?" मी म्हणाले. "इमारत राहिली तर घर राहिलं."

"आणि तुझे गुडघे गेल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"हे उत्तर झालं?"

"माझं तर झालं."

मग ती खूप वेळ अंगणात जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल. वाऱ्याने झाले म्हणे. म्हणाली, "वर फोन नीट लागतो ना? मी दिवसातून दोनदा करणार आणि तू उचलणार. आंघोळीला गेलीस तरी." ही अट मी मान्य केली. एवढी एकच मान्य केली.


१९ मार्च

दलाल. मी बोलायच्या आत डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

"मॅडम," आता मॅडम, "असं कोणी करत नाही. वरच्या घराची किंमत वेगळी, खालच्याची वेगळी. फरक कोण देणार?"

"कोणीच नाही."

"मग सौदा कसला?"

"तुला कळणार नाही. ते कळायला इथे राहावं लागतं."

त्याने कप्तानांना फोन केला, माझ्यासमोर, मुद्दाम. म्हणाला, सर, तुमचं फार नुकसान होतंय. कप्तानांचा आवाज मलाही ऐकू आला, फोन नसता तरी आला असता. "तू गुडघे विकतोस का? नाही ना? मग ठेव फोन." बिचारा घाम पुसत गेला. निघताना म्हणाला, मार्चअखेर अजून आहे, विचार करा. पालथ्या घड्यावर पाणी.


२२ मार्च

एक अडचण आहे. कप्तान स्वतःला उचलून आणू देणार नाहीत. पट्टे नकोत, खुर्ची नको, माणसं नकोत. "स्वतः उतरीन. एकदाच. पुन्हा चढणार नाही." म्हणजे सामान आधीच खाली लागलेलं असायला हवं, ते पोचले की त्यांना त्यांचा पलंग तयार हवा. आणि माझं त्याच दिवशी वर. एकाच जिन्यावर एक घर उतरणार आणि एक चढणार. असं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

मधल्या मजल्यावरच्या शहरवाल्यांना फोन केला, एक दिवस दार उघडं ठेवायला किल्ली द्या, मधे सामान टेकवायला. बाई म्हणाली, आमच्या फरशीला ओरखडा पडेल. मी म्हणाले, तुमच्या फरशीवर वर्षभर कोणी पाय ठेवत नाही, एखादा ओरखडा पडला तर तिलाही बरं वाटेल. किल्ली कुरिअरने आली.


२७ मार्च

झालं.

हमाल दोन होते, जुन्या ओळखीचे, तेही आता पोक्त झालेत. आणि लेक. मी तिला म्हटलं होतं, तू भांडी बांध. पण पहिलं कपाट निघालं तेव्हा ती न सांगता खालच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आमच्या धंद्यात वरचा माणूस बोलतो आणि खालच्यावर वजन येतं. लहानपणी ट्रकमध्ये बसून ती हे सगळं बघायची, मला वाटायचं झोपलीय. दिवसभर तिने खालची बाजू सोडली नाही. मी वरून ओरडत राहिले, डावीकडे, टेकव, थांब, आणि ती "हो आई, हो आई" म्हणत वजन घेत राहिली. मी एवढं वजन तिच्यावर टाकते हे मला कधी जाणवलं नव्हतं. कपाटाचं म्हणतेय मी.

माझी मागची खोली रिकामी झाल्यावर मी तिथे जरा थांबले. भिंतीवर पलंगाच्या जागी रंग वेगळा होता. हात फिरवला आणि निघाले. रडायचं ते मागेच झालं होतं.

दुपारी कप्तान निघाले. तोच कोट, तेच बूट. डॉक्टरीणबाई पुढे एक छोटं स्टूल घेऊन, मी मागे. कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद होती. एक पायरी, मग श्वास, मग दुसरी. वळणावर बसायचं. दुसऱ्या मजल्याच्या खाली एकदा पाय सरकला आणि माझा हात आपोआप त्यांच्या कोटाला गेला. "सोडा," म्हणाले. सोडला. न्हाव्याच्या दिवशी जिथे अडकले होते त्या खुर्चीत ते खूप वेळ बसले. मला वाटलं आता नाही होत. डॉक्टरीणबाई तर पुटपुटायला लागल्या होत्या. मग त्यांनी कठडा धरला, उठले आणि म्हणाले, "याच्यापुढे मला रस्ता नवा आहे. बऱ्याच दिवसांत आलो नाही."

खाली पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. घरात गेले नाहीत. मी पलंग दाखवत होते, चादर बदलली होती, पण ते अंगणातून सरळ फाटकाकडे गेले. काठी टेकत, हळू, गल्लीच्या टोकापर्यंत, मग रस्ता, मग कठडा. आम्ही कोणीच मागे गेलो नाही. लेक जाणार होती, तिला मी धरून ठेवलं. वर जाऊन खिडकीतून बघितलं. कठड्यावर आपल्या जुन्या जागी बसले होते आणि शेजारची जागा मोकळी सोडली होती. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.


२ एप्रिल

मार्च संपला. चौथी सही झाली नाही. बिल्डर पुढच्या गल्लीत गेला असं पाववाला सांगत होता. तिथेही तळमजल्यावर कोण राहतं ते विचारून यायला हवं.

काल कप्तान आणि मी नोंदणीला जाऊन आलो, घरांची अदलाबदल कागदावर झाली. कारकुनाने फरकाचं दोनदा विचारलं, कप्तानांनी दोनदा एवढ्या मोठ्याने 'नाही' सांगितलं की रांगेतले लोक बाजूला झाले.

जिना चढताना मला हल्ली धाप लागते. वळणावर दोन मिनिटं बसते. पिशवी जड असते म्हणून. लेकीचा सकाळी आणि संध्याकाळी फोन, आणि मी उचलते. वरून समुद्र इतका दिसतो की कामं होत नाहीत.

दलाल आज दुपारी तीन मजले चढून आला. आधी पाणी मागितलं, मग बराच वेळ बोलता येईना त्याला. म्हणाला, मध्ये बंद असलेलं शहरवाल्यांचं घर ते भाड्याने देतील का बघतो, एक नर्स विचारतेय, दोन मुलं आहेत तिला. मी त्याला बिस्किटं दिली. उगाच लाडावून ठेवायचा नाही, पण दिली.

संध्याकाळी अंगणातून कप्तान ओरडले, "अहो ट्रकवाली, मागची खोली मी रिकामी ठेवलीय."

"का? तुमचं घर आहे, पसारा करा की."

"नको. लागेल. गुडघे काय माझे एकट्याचेच जातात?"

सगळ्या गल्लीने ऐकलं. डॉक्टरीणबाई खिडकीत तोंडाला पदर लावून हसत होत्या, यात हसण्यासारखं काय होतं त्यांनाच ठाऊक. मी खिडकी लावून घेतली. कान गरम झाले होते, चुलीपाशी उभी होते म्हणून. मग खिडकी पुन्हा उघडली आणि सांगून टाकलं, "येईन तेव्हा माझ्या पायांनी येईन. उचलायला यायचं नाही."

"मी कुठे आता जिने चढतोय," ते म्हणाले आणि काठी टेकत समुद्राकडे निघून गेले.